मुंबईच्या बँडची गाणी लॉस एंजेलिसमधून बाहेर आली. मग अंधेरी-मुलुंडच्या माळ्यांवरच्या कॅसेट्सचं काय?

२०११ साली लॉस एंजेलिसच्या 'नाऊ-अगेन रेकॉर्ड्स' या छोट्या कंपनीने एक अल्बम बाजारात आणला. बँडचं नाव होतं 'ॲटॉमिक फॉरेस्ट'. सत्तरच्या दशकातला सायकेडेलिक रॉक, झणझणीत गिटार, मध्येच फंक. जगभरातल्या जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या मंडळींनी तो उचलून धरला.

हा बँड मुंबईचा. तेव्हाच्या बॉम्बेचा.

भारतात या बँडची एकच एलपी निघाली होती, 'ऑब्सेशन ७७'. तीही १९८१ साली, बँड विस्कटून गेल्यानंतर. ज्यांनी ती वाजवली ते तोवर आपापल्या वाटेने गेले होते. २०११ च्या आवृत्तीत ही जुनी एलपी तर होतीच, पण तिच्यासोबत स्टुडिओत आणि कार्यक्रमात केलेलं, तोपर्यंत कधीच प्रकाशित न झालेलं रेकॉर्डिंगही होतं. म्हणजे मुंबईत वाजलेलं संगीत मुंबईकरांना तीस-पस्तीस वर्षांनी ऐकायला मिळालं, आणि तेही अमेरिकेतून मागवून.

हे असं का झालं? आणि आज तुमच्या घरातल्या माळ्यावर पडलेल्या कॅसेटच्या खोक्याशी त्याचा काय संबंध आहे?

बॉम्बेत रॉक होता, पण रेकॉर्ड नव्हती

साठच्या दशकाच्या शेवटापासून मुंबईत इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या बँड्सची चांगलीच गर्दी होती. 'द सॅव्हेजेस', 'व्हेलवेट फॉग', 'ॲटॉमिक फॉरेस्ट' ही त्यातली नावं. फेब्रुवारी १९७१ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा मोठा रॉक महोत्सव झाला. 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी इंपीरियल टोबॅको कंपनी 'सिमला बीट' ही बँड्सची स्पर्धा घ्यायची आणि १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षी स्पर्धेतल्या बँड्सची एकेक एलपीही काढली. गंमत बघा, त्या काळातल्या भारतीय रॉकचा सगळ्यात चांगला जपला गेलेला पुरावा एका सिगारेटमुळे उरलाय.

१९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हा रॉक ऑपेरा मुंबईच्या रंगमंचावर आणला. त्यात जीझस झाले होते 'ॲटॉमिक फॉरेस्ट'चे गायक मधुकर चंद्र दास, आणि जुडास होते नंदू भेंडे. हो, तेच नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. पुढे १९७८ मध्ये जब्बार पटेलांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त ते दिसले, 'डिस्को डान्सर'मध्येही त्यांचा आवाज आहे. मराठी घरातला एक मुलगा या सगळ्या इंग्रजी रॉकच्या मधोमध उभा होता, हे आजच्या बऱ्याच मराठी श्रोत्यांना माहीतही नाही. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले.

एवढं सगळं चालू होतं, तर मग रेकॉर्ड्स इतक्या कमी का?

कारण रेकॉर्ड काढणं बँडच्या हातात नव्हतं. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपल्या भाषेत एचएमव्ही, या एकाच कंपनीचा बाजारावर ताबा होता. सत्तरच्या आसपास पॉलिडोर आली तेव्हा जरा स्पर्धा सुरू झाली. पण दोन्ही कंपन्यांचं पोट भरायचं ते सिनेमाच्या गाण्यांवर. ज्या देशात लताबाई, आशाबाई आणि किशोरकुमार विकले जातात, तिथे इंग्रजीत गाणाऱ्या मुलांवर स्टुडिओचा वेळ कोण घालवणार? परदेशी गिटार आणि ॲम्प्लिफायर आणण्यावर निर्बंध, त्यामुळे बरंचसं सामान इथेच जुळवलेलं. बँडची कमाई हॉटेलं, क्लब आणि कॉलेजांतल्या कार्यक्रमांतून. लोकांना तिथे हवी असायची डीप पर्पल आणि हेंड्रिक्सची गाणी. स्वतःचं गाणं बसवलं तरी ते टेपवर उतरेलच याची खात्री नाही, आणि उतरलं तरी ती टेप पुढे कोणाकडे राहील याची तर अजिबातच नाही.

एकच शहर, एकच काळ, दोन नशिबं

या नशिबातला फरक समजून घ्यायला १९७२ चा ऑक्टोबर महिना बघावा. 'लेड झेपलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तेव्हा मुंबईत आले होते. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' क्लबमध्ये स्थानिक वादकांना घेऊन त्यांनी वाजवलं, तो किस्सा मुंबईच्या रॉकवाल्यांनी पन्नास वर्षं पुरवून पुरवून सांगितलाय. पण त्याच मुक्कामात त्यांनी इथल्या भारतीय वादकांसोबत स्टुडिओत आपली दोन गाणी नव्याने रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. तब्बल ४३ वर्षं.

हेही 'अप्रकाशित रेकॉर्डिंग'च. फरक इतकाच की झेपलिनची टेप सांभाळायला माणसं होती, ती कोणाच्या मालकीची आहे हे स्पष्ट होतं, आणि एक दिवस तिला किंमत येईल हेही माहीत होतं. त्याच शहरात, त्याच वर्षी वाजवणाऱ्या मुंबईकर पोरांकडे यातलं एकही नव्हतं.

गाणं चांगलं असेल तर ते आपोआप टिकतं, असं आपल्याला उगाच वाटत असतं.

आपली गाणी बाहेरच्यांनाच का सापडतात?

'ॲटॉमिक फॉरेस्ट' हे एकमेव उदाहरण नाही. मुंबईतले सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी एक अल्बम केला होता: दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर, रोलँड कंपनीच्या तेव्हा नव्याकोऱ्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर. कोणी विचारलं नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती एलपी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये त्याने ती परत काढली, आणि युरोपात लोक म्हणायला लागले की अरे, हे तर ॲसिड हाउस आहे, शिकागोत ते जन्मण्याच्या आधीचं! म्हातारपणी चरणजित सिंगांना युरोपातल्या रंगमंचावर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

अहमदाबादच्या एनआयडीत १९६९ ते १९७२ दरम्यान मूग सिंथेसायझरवर केलेल्या प्रयोगांच्या टेप्स तर कधी प्रकाशितच झाल्या नव्हत्या. २०१७ मध्ये पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराला त्या संस्थेच्या संग्रहात मिळाल्या, २०२३ मध्ये त्यांचा अल्बम आला.

यावर "बघा, आपल्याला किंमत नाही, गोऱ्यांना आहे" अशी हळहळ सोशल मीडियावर नेहमी वाचायला मिळते. ती अर्धीच खरी आहे. मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' १९९० पासून आहे, जुन्या तबकड्या जमवणाऱ्या जाणकारांची इथे कमी नाही. सिद्धार्थ भाटिया यांनी २०१४ मध्ये या रॉक पिढीवर 'इंडिया सायकेडेलिक' हे अख्खं पुस्तक लिहिलंय. कमी आहे ती मधल्या दुव्याची: टेप शोधून काढणारा, वादकांना गाठून कागदावर सही घेणारा, टेप दुरुस्त करणारा आणि पाचशे-हजार प्रती छापून विकणारा छोटा धंदा. परदेशात तो आहे, आणि त्यावर लोकांची पोटं चालतात. आपल्याकडे जुनं संगीत विकतं ते मोठ्या कंपन्यांच्या कपाटातलं, आणि त्या कपाटात सिनेमा सोडून फारसं काही नाही.

पोस्ट-पंक आणि माळ्यावरची टेप

आता जरा इंग्लंडकडे बघू, कारण 'हरवलेलं रेकॉर्डिंग' या प्रकाराचं आकर्षण तिथल्या एका संगीतप्रकारात जास्त आहे. १९७६-७७ मध्ये पंक रॉक आला. तीन सूर, भरपूर राग, सफाई नको. तो ओसरताच त्याच पोरांनी विचार करायला सुरुवात केली: गिटार थोडी मागे, बास पुढे, गाणी थंड आणि अस्वस्थ. त्याला पोस्ट-पंक म्हणतात. मँचेस्टरचा 'जॉय डिव्हिजन' हा त्यातला सगळ्यात गाजलेला बँड. त्यांचा पहिला अल्बम १९७९ चा, असं सगळे सांगतात. पण मे १९७८ मध्येच त्यांनी एक अख्खा अल्बम रेकॉर्ड केला होता. निर्मात्याने वरून सिंथेसायझर घातला, बँडला ते पटलं नाही, अल्बम बाजूला पडला. चोरट्या प्रतींतून तो वर्षानुवर्षं फिरत राहिला आणि १९९४ मध्ये 'वॉर्सॉ' नावाने दुकानात आला.

यापेक्षा भारी गोष्ट डेट्रॉइटच्या 'डेथ' या बँडची. तीन सख्खे कृष्णवर्णीय भाऊ, आडनाव हॅकनी. १९७५ मध्ये त्यांनी सात गाणी रेकॉर्ड केली. मोठ्या कंपनीने सांगितलं, नाव बदला. थोरल्या डेव्हिडने ऐकलं नाही. करार गेला. भावांनी स्वतःच्या पैशाने एका सिंगलच्या ५०० प्रती काढल्या आणि विषय संपला. २००० मध्ये डेव्हिड कॅन्सरने गेला, पण जाण्याआधी मूळ टेप्स भावाकडे सोपवून गेला, सांभाळून ठेव म्हणून. त्या माळ्यावर राहिल्या. पुढे धाकट्या भावाच्या मुलांना बापाच्या जुन्या बँडचा पत्ता लागला आणि २००९ मध्ये ती सात गाणी अल्बम म्हणून आली. पंकचा इतिहास लिहिणाऱ्यांना आपली पानं पुन्हा लिहावी लागली.

या दोन्ही गोष्टींत गाणं वाचलं ते बँडच्या जवळच्या कोणीतरी टेप फेकून दिली नाही म्हणून.

बोरिवली ते मरीन लाइन्स, खांद्यावर गिटार

मुंबईत स्वतःला पोस्ट-पंक म्हणवणारे बँड मोजकेच. पण पंक, मेटल आणि ज्याला नाव देता येत नाही असं बरंच काही ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून इथे वाजत होतं, आणि ते वाजवणाऱ्यांत उपनगरातली पोरं भरपूर होती. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी 'इंडिपेन्डन्स रॉक' सुरू केलं. धोबी तलावचं रंगभवन म्हणजे रॉकवाल्यांची पंढरी. सायलेन्स झोनच्या नियमांमुळे ते बंद पडलं तेव्हा गर्दी उपनगराकडे सरकली. जुहूचं 'रॅझबेरी ऱ्हायनोसरस' हे नाव चाळिशीतल्या कुठल्याही रॉकवाल्यासमोर काढून बघा, पुढचा अर्धा तास तुमचा नाही. पवईत आयआयटीचा 'मूड इंडिगो' होताच.

यातल्या बहुतेक बँड्सनी कधी अल्बम काढला नाही. काढला तो डेमो. चार गाणी, एखाद्या छोट्या स्टुडिओत तासाच्या भाड्याने उरकलेली, किंवा सरळ सरावाच्या खोलीत मध्ये टू-इन-वन ठेवून रेकॉर्ड केलेली. त्याच्या वीस-तीस कॅसेट्स, झेरॉक्स काढलेलं कव्हर, कार्यक्रमात हातोहात वाटल्या. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादहून सुरू केलेल्या 'रॉक स्ट्रीट जर्नल'कडे एखादी प्रत पोस्टाने जायची. त्यांच्या संकलनात एखादं गाणं आलं की बँडचं सोनं झालं.

मग इंटरनेट आलं आणि वाटलं, आता काही हरवणार नाही.

झालं उलटंच. २००३ नंतर जगभरातल्या बँड्सप्रमाणे इथल्या पोरांनीही आपली गाणी मायस्पेसवर टाकली. मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ मधला मजकूर गेला. पाच कोटींहून जास्त गाणी. इंटरनेट आर्काइव्हला त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार वाचवता आली, कारण काही संशोधकांनी ती आधी उतरवून ठेवली होती. शंभरातलं जेमतेम एक. म्हणजे १९९५ च्या बँडची कॅसेट आज कपाटात असू शकते, पण २००६ च्या बँडचं गाणं कदाचित कुठेच नसेल.

रिडेव्हलपमेंट आणि बुरशी

उपनगरात कॅसेटला सध्या दोन शत्रू आहेत. पहिला आपला पावसाळा. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गोंदाने बसवलेली चुंबकीय पूड. दमट हवेत त्या गोंदावर बुरशी येते. कॅसेटच्या खिडकीतून पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर तीच.

दुसरा शत्रू म्हणजे रिडेव्हलपमेंट. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, जिकडे बघाल तिकडे साठ-सत्तरच्या दशकातल्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहतायत. घर रिकामं करायला मुदत असते, भाड्याच्या घरात जागा नसते, आणि तीस वर्षांत न उघडलेला माळा एका दुपारी भंगारवाल्याच्या टेम्पोत जातो. त्यात काकाचं 'कॉलेजात असताना काहीतरी बँड-बिंड होता' ते खोकंही जातं. काका बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला, त्याला कोणी विचारत नाही.

वेळेची घाई खरी आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची जागतिक संघटना आयएएसए यांनी २०१९ मध्ये इशाराच दिला होता की २०२५ च्या सुमारास चुंबकीय टेप नीट वाजवणारी यंत्रं आणि ती दुरुस्त करणारी माणसं मिळणं अवघड होईल. टेप बरी असूनही ती वाजवायला काही नाही, अशी अवस्था. डॅट आणि मिनीडिस्कवर रेकॉर्डिंग असेल तर ही अडचण आणखी मोठी.

मग कॅसेट सापडली तर काय करायचं?

लगेच वाजवायची नाही, विशेषतः बुरशी दिसत असेल तर. ती डेकच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडे द्या. यूट्यूबवर टेप 'भाजण्याचे' व्हिडिओ दिसतील; तो उपाय सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही विशिष्ट रिळांसाठी आहे, घरच्या ओव्हनसाठी आणि कॅसेटसाठी तर मुळीच नाही. कॅसेट स्वच्छ दिसत असेल तर आधी तिच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही. मग चांगला डेक, साफ केलेलं हेड, आणि केबलने थेट कॉम्प्युटरला. मोबाइल स्पीकरसमोर धरून नाही. एमपी३ ऐवजी डब्ल्यूएव्ही फाइल करा. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला ९० मिनिटांची कॅसेट साधारण ३ जीबी होते, आजच्या हिशेबात काहीच नाही. प्रती दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि फाइलसोबत कोणी वाजवलं, कुठे, कुठल्या साली हे लिहून ठेवा. नावांशिवाय आवाजाचा पुढे कोणाला फार उपयोग होत नाही.

गाणं कोणाचं?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात, त्यामुळे कायदा थोडक्यात. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार रेकॉर्डिंगचा 'कर्ता' म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते करून घेण्यात ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. चार मित्रांनी पैसे काढून डेमो केला असेल आणि वेगळा करार नसेल, तर निर्माते साधारणपणे ते चौघं, भाड्याने खोली देणारा स्टुडिओवाला नाही. रेकॉर्डिंगवरचा हक्क ६० वर्षांचा असतो, पण ही साठ वर्षं मोजली जातात प्रकाशित झाल्यापासून. जे कधी प्रकाशितच झालं नाही, त्याचं घड्याळ सुरूच झालेलं नाही. वादक-गायकांचा सादरीकरणावरचा हक्क वेगळा, तो ५० वर्षांचा, आणि शब्द-चाल यांचा हक्क त्याहून वेगळा.

म्हणून "जुनं आहे, टाकून देऊ यूट्यूबवर" असं चालत नाही. आधी ड्रमरला फोन करा. बँड ज्या भांडणावरून फुटला ते वीस वर्षांनी कोणालाच आठवत नसतं, पण न विचारता गाणं टाकलं की बरोबर आठवतं. मालक मेलेला असेल किंवा सापडतच नसेल, तर कायद्याच्या कलम ३१अ मध्ये अशा अप्रकाशित कामासाठीही कोर्टाकडून परवाना मागायची सोय आहे. प्रक्रिया लांबची आहे, पण रस्ता आहे.

आणि एक. त्या काळात कोरी कॅसेट महाग वाटायची, त्यामुळे पोरं घरातल्याच जुन्या कॅसेटवर रेकॉर्ड करायची. कव्हरवर 'मैंने प्यार किया' लिहिलंय आणि ए साइडला तीच गाणी आहेत म्हणून खोक्यात परत टाकू नका. पलटून बी साइड शेवटपर्यंत ऐका.